बुजरी पिल्लं माणसाळवताना: पकडण्यापासून मांडीवर येईपर्यंत

माणसाचा हात कधीच न लागलेलं मांजराचं पिल्लू हाती आलं की पहिला प्रश्न त्याच्या वयाचा. नर आहे की मादी, रंग कोणता, आई कुठे गेली, हे सगळं नंतर. ते किती आठवड्यांचं आहे यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं: किती दिवस लागतील, काय खायला द्यायचं, आणि मुळात या वाटेला जायचं की नाही.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान मांजराच्या पिल्लाचं मन सगळ्यात मोकळं असतं. या काळात जे आवाज, वास आणि जीव भेटतात ते त्याच्या लेखी 'आपले' होतात. अमेरिकेत आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात या काळाचा पद्धतशीर अभ्यास केला. ज्या पिल्लांना लहानपणी रोज जास्त वेळ हाताळलं होतं, ती मोठेपणी माणसाजवळ जास्त रमली. सातव्या आठवड्यानंतर दार बंद होतं असं नाही, पण ते जड होत जातं. आठ-दहा आठवड्यांचं पिल्लूही माणसाळतं, फक्त त्याला तुमचा वेळ जास्त लागतो.

वय कसं ओळखायचं

डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास कान ताठ उभे राहतात आणि पुढचे बारीक दात हिरडीतून डोकावतात. चौथ्या आठवड्यात सुळे दिसू लागतात, पिल्लू धडपडत का होईना पण धावतं. दाढा चार ते सहा आठवड्यांत येतात. डोळ्यांचा निळसर रंग सहा-सात आठवड्यांनंतर बदलायला लागतो. वजनाचा ढोबळ हिशेब असा: जन्मतः सुमारे १०० ग्रॅम, आणि पुढे दर महिन्याला साधारण ४५० ग्रॅम. दोन महिन्यांचं धडधाकट पिल्लू ९०० ग्रॅमच्या आसपास भरतं. रस्त्यावरची पिल्लं मात्र बऱ्याचदा हडकुळी असतात, म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका. दात बघा.

हे बघायला पिल्लू हातात धरावं लागतं आणि ते तर धरू देत नाही, ही अडचण खरी आहे. तेव्हा लांबून चाल बघा. शेपटी उभी धरून भावंडांवर झेप घेणारं, भिंतीच्या कडेनं सुसाट पळणारं पिल्लू सहा आठवड्यांच्या पुढचं समजा.

आईपासून केव्हा वेगळं करायचं

पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती पोरकी असतात असं नाही. मांजरी शिकारीला जाते, कधी काही तासांनी परतते, आणि माणूस जवळपास घुटमळत असेल तर मुद्दाम येत नाही. लांब जाऊन लक्ष ठेवा. पिल्लांची पोटं गोल आणि अंग उबदार असेल तर आई येते आहे. पिल्लं गार पडलेली, सतत ओरडणारी किंवा मळलेली असतील तर मात्र वाट बघत बसू नका.

आई माणसाळलेली असेल तर पिल्लं आठ आठवड्यांपर्यंत तिच्याजवळच राहू द्या आणि रोज हाताळा. यासारखी सोपी गोष्ट नाही. आई रानटी असेल तर हिशेब बदलतो. माणूस दिसला की ती फिस्कारते, पळते, आणि पिल्लं तिचं बघून तेच शिकतात. अशा वेळी पिल्लं स्वतः चाटून-चावून खायला लागली की, म्हणजे साधारण पाच आठवड्यांच्या आसपास, त्यांना वेगळं करणं बरं. चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू उचललं तर बाटलीनं दूध पाजणं, ऊब देणं, शी-शू करवणं हे सगळं तुमच्या गळ्यात पडतं. तो वेगळाच विषय आहे. इथे एवढंच सांगतो की गायीचं दूध देऊ नका, त्यानं जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारं दूध पावडरच्या स्वरूपात येतं, तेच वापरा.

आईला तशीच सोडून देऊ नका. अंगावर पाजणारी मांजरीही पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं कॅरियरमध्ये, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीत, घालून सापळ्याच्या मागच्या बाजूला ठेवली आणि मधे जाळी राहू दिली, तर त्यांच्या आवाजानं आई बहुतेक वेळा सापळ्यात शिरते. मग तिची नसबंदी उरकून घ्या.

पकडणं

हातानं झडप घालून पकडायला जाऊ नका. एकदा हुकलं की पुढचे कितीतरी दिवस पिल्लू वाऱ्यालाही उभं राहत नाही. पेटीसारखा सापळा आणा, त्यात तीव्र वासाचं ओलं खाणं अगदी मागच्या टोकाला ठेवा आणि आदल्या वेळचं खाणं बंद करा, म्हणजे भूक मदतीला येते. सापळा लावून निघून जायचं नाही, नजरेच्या टप्प्यात बसायचं. दार पडलं की लगेच वरून जाड कापड टाका. अंधार झाला की पिल्लू दोन मिनिटांत शांत होतं. उघड्या सापळ्यात ते जाळीवर नाक आपटून रक्तबंबाळ करून घेतं.

या टप्प्याला जाड हातमोजे ठीक आहेत. पुढे कुरवाळताना मात्र काढून ठेवा. मोज्यातल्या हाताला किती दाबलं ते कळत नाही, आणि पिल्लाला तुमच्या हाताचा वास कळत नाही.

आधी डॉक्टर

पहिल्या एक-दोन दिवसांत पशुवैद्याकडे जाऊन या. जंताचं औषध, पिसवांवर उपाय, डोळे आणि नाक यांची तपासणी, आणि वय बसत असेल तर लसीची पहिली मात्रा. मुख्य लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा द्यावी लागते. जंताचं औषधही एकदा देऊन भागत नाही, लहान पिल्लांना ते दर दोन आठवड्यांनी दिलं जातं. पिसवांकडे 'किरकोळ खाज' म्हणून बघू नका. अर्धा किलोच्या जिवाचं रक्त त्या इतकं पितात की पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात. आणि कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध मांजराला चुकूनही लावू नका. त्यात बऱ्याचदा पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजरांना मारक ठरतं. घरातली पॅरासिटामॉलही तशीच.

घरात आधीचं मांजर असेल तर नवीन पिल्लू किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. भांडी वेगळी, शी-शूचा ट्रे वेगळा, हात धुऊनच इकडून तिकडे जायचं. पॅनल्यूकोपेनियासारखा जीवघेणा संसर्गजन्य आजार अंगात असूनही सुरुवातीचे काही दिवस पिल्लू धट्टंकट्टं दिसू शकतं.

चावण्याबद्दल एकदाच आणि स्पष्ट सांगतो. मांजराचे दात सुईसारखे असतात, वरून ठिपक्याएवढी दिसणारी जखम आत खोल गेलेली असते आणि लवकर चिघळते. चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि जिथे रेबीज आहे अशा भागात त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस घ्या. 'एवढंसं तर पिल्लू आहे' हा विचार इथे कामाचा नाही.

जागा लहान हवी

इथे बहुतेकांचा दयाळूपणा आड येतो. पिंजरा बघून जीव कळवळतो, म्हणून पिल्लाला अख्खी खोली दिली जाते. पिल्लू पलंगाखाली किंवा कपाटामागे जातं, रात्री बाहेर येऊन खातं, पहाटे परत आत. दोन आठवड्यांनीही ते होतं तितकंच रानटी असतं, उलट लपायला जास्त तरबेज झालेलं असतं. एकटं सोडलं की ते आपोआप माणसाळेल ही आशा सोडून द्या. त्याची भीती जाते ती तुमच्या सहवासानं, आणि सहवास घडायचा तर त्याला तुमच्यापासून लांब पळता येईल एवढी जागा सुरुवातीला नसावी.

कुत्र्यासाठीचा मोठा घडीचा पिंजरा उत्तम. तो नसेल तर रिकामी न्हाणीघरासारखी लहान खोली, जिथे कोनाडे, मोकळे पाइप, फटी नाहीत. आत तीन गोष्टी: एका टोकाला लिटर ट्रे, दुसऱ्या टोकाला पाणी आणि खाणं, आणि लपायला पुठ्ठ्याचं खोकं. खोक्याची एक बाजू पूर्ण उघडी ठेवा, म्हणजे पिल्लाला आडोसा मिळतो पण तुम्ही दिसत राहता आणि तुमचा हात आत पोचतो. ट्रेमध्ये ओलं झाल्यावर गोळा होणारी वाळू इतक्या लहान वयात नको, पिल्लं ती चाखून बघतात. पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलाच्या उंचीवर ठेवला तर फरक पडतो. वरून पडणारी तुमची सावली कमी होते आणि तुमचा चेहरा त्याच्या नजरेच्या रेषेत येतो.

पहिला दिवस पिंजऱ्याचा अर्धा भाग कापडानं झाका. तुमच्या अंगावरचा एखादा न धुतलेला सुती कपडा अंथरुणात टाका.

खाणं तुमच्याच हातून

सगळ्या प्रक्रियेचा कणा हा आहे. खाणं आपोआप प्रकट होत नाही, ते या माणसाबरोबर येतं, एवढं पिल्लाच्या डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. म्हणून पिंजऱ्यात दिवसभर ड्राय फूडची वाटी भरून ठेवू नका. पाणी कायम असू द्या. खाणं दिवसातून चार वेळा, आणि तुम्ही समोर असताना.

पण उपाशी ठेवायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. तुमच्यासमोर खात नसेल तर वाटी ठेवून निघून जा आणि पुढच्या वेळी पुन्हा बसा. लहान पिल्लानं अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही तर प्रशिक्षण बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. वाढत्या पिल्लाचं वजन दिवसाला १०-१५ ग्रॅमनं वाढायला हवं.

पहिल्या दोन-तीन वेळा नुसतं बाजूला बसा. त्याच्याकडे टक लावून बघू नका, मांजरांच्या जगात रोखून बघणं म्हणजे आव्हान. पुस्तक वाचा, ते मोठ्यानं वाचलं तर आणखी चांगलं, कारण त्याला तुमच्या आवाजाची सवय होते. मधूनच नजर गेलीच तर डोळे हळूच अर्धे मिटा आणि उघडा. ही लाडीगोडी वाटते खरी, पण २०२० मध्ये ब्रिटिश संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाजवळ मांजरं जास्त तयारीनं गेली होती.

मग चमचा. लांब दांड्याचा हवा. त्यावर मऊ, वासाचं वेट फूड किंवा नुसत्या मांसाची पेस्ट घ्या. माणसांच्या बाळांसाठीचं खाणं वापरत असाल तर त्यात कांदा-लसूण नाही ना ते बघा, दोन्ही मांजरांना विषारी आहेत. चमचा सावकाश, खालच्या बाजूनं पुढे न्या आणि नाकापासून थोडा अलीकडे थांबवा. पिल्लू मागे सरकेल, पाठ खोक्याला टेकेल, कान आडवे होतील आणि जबडा उघडून ते फिस्कारेल. चमचा हलवू नका. पुढे नाही, मागेही नाही. मागे घेतलात तर फिस्कारल्यानं संकट टळतं हा धडा त्याला मिळतो. थोड्या वेळानं नाकपुड्या हलायला लागतात. ओठाला थोडं खाणं लागलं तर जीभ बाहेर येते, ते चाटते, आणि चेहऱ्यावरची ती सगळी युद्धाची तयारी क्षणभर गोंधळात पडते. दुसऱ्या चमच्याला ते एकाच वेळी गुरगुरतं आणि खातं. तोंड भरलेलं असताना फिस्कारायचा प्रयत्न करणारं पिल्लू बघून हसू आवरणं कठीण आहे, पण आवरा.

चमच्यावरून निवांत खायला लागलं की दांडा दर वेळी थोडा जवळ धरायचा. शेवटी चमचा तुमच्या गुडघ्यावर. बोटावरून भरवायची घाई करू नका, बोट आणि खाणं यातला फरक भुकेल्या पिल्लाला कळत नाही.

पहिला स्पर्श

हातानं नाही, मऊ टूथब्रशनं. ब्रश एखाद्या काठीला बांधा आणि पिल्लू चमचा चाटत असताना मानेच्या मागे हलकेच एकदा फिरवा. तो स्पर्श आईच्या खरखरीत जिभेसारखा असल्यामुळे बरीच पिल्लं तो आश्चर्यकारक लवकर स्वीकारतात. ब्रश फिरवताना खाणं थांबलं तर तुम्ही घाई केली, इतका साधा नियम आहे. एक पायरी मागे या.

ब्रशनंतर बोट. गाल, हनुवटीखाली, कानांच्या मधे. वरून हात आणू नका, बाजूनं आणा, कारण वरून येतो तो शिकारी. पोट आणि पंजे कितीतरी नंतर. आणि पिल्लू दूर होण्याआधी तुम्ही हात काढा. यात सगळी गंमत आहे: अजून हवं होतं असं वाटत असतानाच थांबलं की पुढच्या वेळी ते स्वतः मान पुढे करतं.

उचलण्यासाठी टॉवेल. पिल्लावर टाका, दोन्ही बाजूंनी अंगाखाली दुमडा, डोकं बाहेर राहू द्या आणि तोंड तुमच्या विरुद्ध दिशेला ठेवून मांडीवर घ्या. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मानगुटीला धरून लटकवायचं नाही; आई तसं करते म्हणून आपणही करावं हा युक्तिवाद बरेच जण करतात, पण आई त्यांना ट्रेमधून उचलून अनोळखी माणसाच्या मांडीवर नेत नसते. जमिनीवर बसूनच करा, सुटलं तरी लागत नाही. सुरुवातीला मिनिटभर पुरे, आणि मांडीवर चमचा तयार हवा. दिवसातून एकदा तासभर बसण्यापेक्षा पाच-सहा वेळा दहा-पंधरा मिनिटं बसणं जास्त फळतं.

एक दिवस टॉवेलमधून घुरघुर ऐकू येईल. आनंदाची खूण आहेच, पण दुखत असलेलं किंवा खूप घाबरलेलं मांजरही घुरघुरतं. म्हणून बाकीचं अंगही बघा: डोळे अर्धे मिटलेले, कान पुढे, पंजे सैल. ताठ उभी शेपटी घेऊन पिल्लू पिंजऱ्याच्या दाराशी आलं तर ती खरी पावती.

भावंडं: सोबत की वेगळी?

माझं मत, वेगळी. निदान काही दिवस. तीन-चार पिल्लं एकत्र असली की एकानं फिस्कारलं की सगळी कोपऱ्यात ढीग करतात, आणि त्यांना एकमेकांत सगळं मिळत असल्यामुळे माणसाची गरजच वाटत नाही. सगळ्यात भित्रं पिल्लू त्या ढिगाच्या तळाशी असतं आणि तसंच राहतं. त्याला आधी वेगळं करा. मात्र पूर्ण एकटेपणाही चांगला नाही, पिल्लं एकमेकांना चावूनच किती जोरात चावायचं ते शिकतात. एक धीट आणि एक भित्रं अशी जोडी चांगली जमते, भित्रं धीटाचं बघून पुढे येतं.

एकाच वीणीतली पिल्लं इतकी वेगळी का, याचं नवल वाटायला नको. १९९५ मध्ये सँड्रा मॅकक्यून यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसाळलेल्या बोक्याची पिल्लं नवीन गोष्टींना जास्त धिटाईनं सामोरी गेली होती, आणि त्या बोक्याशी त्यांची कधी गाठही पडली नव्हती. त्यात एका वीणीत एकापेक्षा जास्त बोक्यांची पिल्लं असू शकतात. तेव्हा एक तिसऱ्या दिवशी मांडीवर झोपलं आणि दुसरं अजून भिंतीला चिकटलेलं आहे म्हणून तुमची पद्धत चुकली असं नाही.

खेळ, आवाज, पाहुणे

खाण्यानंतरचं दुसरं हत्यार खेळ. काठीला दोरीनं पीस बांधलेलं खेळणं भित्र्या पिल्लालाही आडोशातून बाहेर ओढतं. खेळ संपला की ते उचलून कपाटात ठेवा, गिळलेली दोरी आतड्यात अडकली तर शस्त्रक्रियेवर जातं. बोटं हलवून खेळवू नका. आज गोड वाटणारं ते चावणं सहा महिन्यांनी गोड राहत नाही.

आवाजांची ओळख हळूहळू: आधी दुसऱ्या खोलीतला टीव्ही, मग दारावरची घंटा, मग लांबून व्हॅक्यूम क्लीनर, आणि प्रत्येक वेळी सोबत खाणं. तुम्हाला सरावलं की दुसऱ्या माणसांच्या हातूनही चमचा द्या. पुरुष, बाई, चष्मा घातलेले, जाड आवाजाचे. एकाच माणसानं वाढवलेलं पिल्लू बऱ्याचदा फक्त त्याच माणसाचं होऊन बसतं, आणि मग दत्तक घ्यायला आलेल्यांना सोफ्याखालचे दोन डोळे तेवढे दिसतात.

पिंजऱ्यातून खोलीत कधी सोडायचं? पिल्लू तुम्हाला बघून पुढे येतं, मांडीवर निवांत खातं आणि उचलल्यावर अंग ताठ करत नाही, हे तिन्ही दिसल्यावर. आधी खोलीतल्या फटी बंद करा. सोडल्यावर पुन्हा बुजायला लागलं तर निमूटपणे पिंजऱ्यात परत, त्यात कमीपणा काही नाही.

किती दिवस, आणि जमलंच नाही तर

चार-पाच आठवड्यांचं पिल्लू काही दिवसांत निवळतं. सहा ते आठ आठवड्यांच्याला एक ते तीन आठवडे धरा. दहा-बारा आठवड्यांच्याला महिना किंवा जास्त. चार महिन्यांच्या पुढे प्रत्येक जीव वेगळा. काही माणसाळतात, बरीचशी फक्त तुम्हाला सहन करायला शिकतात.

तीन-चार आठवडे रोज नेटानं बसूनही मोठं पिल्लू तुम्ही खोलीत आलात की खाणं सोडतं, हात दिसताच भिंतीवर चढतं, तर त्याला आयुष्यभर कोंडून ठेवणं हा उपकार नाही. नसबंदी करा, लस द्या, ओळखीसाठी कानाचं टोक छाटून घ्या, आणि जिथून आणलं त्याच जागी सोडा, जिथे रोज खायला घालणारं कुणीतरी आहे. अनोळखी जागी नेऊन सोडणं मात्र टाळा, तिथल्या मांजरांशी मारामारी आणि उपासमार एवढंच पदरी पडतं.

नव्या घरी देताना

शक्यतो जोडीनं द्या. सोबत त्याच्या वासाचं अंथरूण, सवयीचं खाणं आणि तोच चमचा. नव्या घरातही सुरुवात एका लहान खोलीतूनच, हे घेणाऱ्याला आधीच बजावा. पहिले काही दिवस पिल्लू शिकलेलं विसरून पुन्हा बुजतं, फिस्कारतंही. हे माहीत नसलं की लोक चौथ्या दिवशी फोन करून परत घ्या म्हणतात. खिडक्यांना जाळी आहे का, ते स्वतः बघून या. नसबंदी झालेली नसेल तर तारीख ठरवूनच पिल्लू हाती द्या: मादी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, आणि मांजराचा गाभणकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो.